पावती देतात का?

२००३ सालची गोष्ट. नव्या पीसीवर बाबांच्या सगळ्या सीड्या एमपीथ्री करून टाकायचा उद्योग मी एका शनिवारी काढला होता. इंग्रजी गाण्यांची सीडी घातली की दोन-चार सेकंदांत गायकाचं आणि गाण्यांचं नाव स्क्रीनवर हजर. भावगीतांची घातली तर नुसतं 'ट्रॅक ०१, ट्रॅक ०२'. मग कव्हर समोर ठेवून मी सगळी नावं टाइप केली आणि 'सबमिट' दाबलं. बाबा मागे उभे होते. अख्खी नोकरी बँकेत झालेला माणूस.

"कुणाला पाठवलंस हे?"

"सगळ्यांना. आता जगात कुणीही ही सीडी घातली की त्याला नावं दिसतील."

"बरं. पावती देतात का?"

मी हसलो. आपण पैसे थोडेच भरतोय! पण हा प्रश्न किती नेमका होता हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

आता आधी थोडं तांत्रिक. आपल्याला वाटतं की गाण्यांची नावं सीडीवरच असतात. बहुतेक सीड्यांवर ती नसतातच. फिलिप्स आणि सोनीने १९८० साली ऑडिओ सीडीचं स्टँडर्ड ठरवलं तेव्हा कुणी ती कॉम्प्युटरमध्ये घालेल असं त्यांना वाटलंही नसावं. त्यामुळे सीडीवर असतं ते फक्त कोष्टक : किती गाणी आणि कुठलं कुठे सुरू होतं. नावं लिहायची सोय, म्हणजे सीडी-टेक्स्ट, आली १९९६ साली, आणि तीसुद्धा फार कंपन्यांनी वापरली नाही.

१९९३ साली टी कान नावाच्या प्रोग्रॅमरने युनिक्ससाठी 'एक्सएमसीडी' नावाचा सीडी प्लेयर लिहिला. नावं नाहीत, तर लोकच भरतील ना! एकाने टाइप करायचं, बाकीच्यांनी वापरायचं. पुढे स्टीव्ह शर्फ या त्याच्या सहकाऱ्याने सर्व्हरचं काम केलं आणि त्यातून 'सीडीडीबी' उभी राहिली. सीडी ओळखायची युक्तीही झकास होती. प्रत्येक गाणं कितव्या सेकंदाला सुरू होतं त्या आकड्यांतल्या अंकांची बेरीज, सीडीची एकूण लांबी आणि गाण्यांची संख्या, यांतून एक आठ अक्षरी क्रमांक बनवायचा. कधीकधी दोन भलत्याच सीड्यांचा क्रमांक एकच यायचा, पण चालायचं काम.

वर्गवारीचे खण मात्र अकराच. ब्लूज, कंट्री, जॅझ, रेगे वगैरे. आता भावगीत कशात घालणार? मी 'फोक'मध्ये घातलं. कुणी 'मिसलेनियस'मध्ये घालत असेल. हिंदी सिनेमाची सोय 'साउंडट्रॅक'मध्ये व्हायची. मराठी नाव रोमनमध्ये लिहायची पद्धतही ज्याची त्याची. तरीपण लोक भरत होते, कारण आपण भरलं तर दुसऱ्याचे कष्ट वाचतात एवढा साधा हिशोब होता.

आणि मग १९९८ साली सीडीडीबी 'एशियंट' नावाच्या कंपनीला विकली गेली. २०००मध्ये तिचं नाव 'ग्रेसनोट' झालं. प्लेयर लिहिणाऱ्यांवर नव्या अटी आल्या, आणि २००१मध्ये लायसन्स न घेतलेल्या प्रोग्रॅम्सना दार बंद. ज्यांनी नावं टाइप केली होती, त्यांतलेच कित्येक जण दाराबाहेर! २००८ साली सोनीने ग्रेसनोट सुमारे २६ कोटी डॉलर्सना घ्यायचा सौदा केला. त्या किमतीत अनोळखी माणसांच्या शनिवार-रविवारचा वाटा किती, याचा हिशोब कुणीच मांडला नाही.

कंपनीची बाजूही आहे बरं का. सर्व्हर फुकट चालत नाहीत, चुका निस्तरायला माणसं लागतात. शिवाय आयट्यून्ससारख्या प्लेयरमधून सामान्य वापरणाऱ्याला ही सेवा मिळतच राहिली. राग आला तो पैसे कमावल्याचा नव्हता. 'हे आपलं सगळ्यांचं आहे' असं समजून लोकांनी दिलं, आणि एका सकाळी ते 'आमचं' झालं, याचा होता.

खरी गंमत पुढे आहे. सुरुवातीच्या काळातली माहिती जीपीएल या खुल्या लायसन्सखाली वाटली गेली होती. म्हणजे तिच्या प्रती काढायला कुणाची परवानगी लागत नव्हती. त्याच प्रतींवर 'फ्रीडीबी' उभी राहिली. माझी भावगीतं तिथेच गेली होती. दुसरीकडे रॉबर्ट के या प्रोग्रॅमरने 'म्युझिकब्रेन्झ' सुरू केलं आणि २००४ साली त्यामागे ना-नफा संस्था उभी केली. तिथली मूळ माहिती कुणीही उचलून न्यावी, अशीच ठेवली आहे. २०२०मध्ये फ्रीडीबी बंद पडली, पण तोवर तिच्या पूर्ण प्रती लोकांनी उतरवून घेतल्या होत्या. दुकान बंद झालं, माल वाचला.

म्हणजे बाबांच्या 'पावती'चं उत्तर हे : लायसन्स हीच पावती. 'आमची कम्युनिटी', 'तुमचे आभार' ही नुसती गोड भाषा. पावती असेल तर मालक बदलला तरी आपण दिलेलं परत उचलून दुसरीकडे मांडता येतं. नसेल तर ते दान नाही, बक्षीसपत्र आहे, आणि तेही न वाचता सही केलेलं.

मराठी विकिपीडियावर लेख लिहिताना, ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या गल्लीचं नाव घालताना ही पावती मिळते. अख्खा विकिपीडिया किंवा अख्ख्या जगाचा नकाशा कुणालाही उतरवून घेता येतो. पण हॉटेलला तारे देताना, दुकानाची वेळ दुरुस्त करताना, प्रश्नांची उत्तरं लिहिताना आपण हे बघतो का? मीही नेहमी बघत नाही. घाईत असतो, 'आय अ‍ॅग्री' दाबून मोकळा होतो.

देऊ नका असं मी म्हणत नाही. न देणाऱ्यांच्या जिवावर यातलं काहीच उभं राहिलं नसतं. फक्त देताना एकदा विचारावं, की उद्या हे सगळं उचलून न्यायचं झालं तर नेता येईल का?

बाबांच्या त्या सीड्या आता कपाटात पडून आहेत, त्या घालायला घरात ड्राइव्हसुद्धा नाही. कव्हरवरची नावं तेवढी शाबूत आहेत.