भडोचहून पैठणला, खानदेशमार्गे
इसवी सनाचं पहिलं शतक निम्मं सरलंय. प्रकाशे गावाजवळ तापीच्या पाण्यात बैल पोटापर्यंत उतरलेत आणि तुम्ही गाडीचं चाक रेटताय. भडोच बंदर मागे राहिलं, पुढे पैठण. एकूण वीस दिवसांची वाट. हा हिशेब ‘पेरिप्लस’मधला. लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची ही माहिती कुणा निनावी व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत लिहून ठेवली आहे.

गाड्यांत दारूचे रांजण, तांबं, पोवळं, शिलारस. आणि तुमच्या मुठीत चांदीचं एक नाणं. मूठ उघडा. एका बाजूला मिनँडर या ग्रीक राजाचा चेहरा, कडेनं ग्रीक अक्षरं. उलटं करा. ढाल धरून वज्र फेकणारी अथेना देवी, भोवती खरोष्ठी लिपीत ‘महाराजस त्रतरस मेनंद्रस’. राजाला जाऊन दोनशे वर्षं होत आली, तरी त्याची नाणी भडोचच्या बाजारात चालतात, हेही त्या व्यापाऱ्यानं नोंदवलंय. ग्रीकांना भेटायला अथेन्सच गाठावं लागतं असं मला मुळीच वाटत नाही. त्यांच्या खुणा या वाटेवरही भेटतात, आणि भडोच-पैठण सरळ वाट धरली की खानदेश लागतोच.

धुळ्याकडची काळी माती चाकांना चिकटते. मोठाल्या बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्या येतात, असं ‘पेरिप्लस’ सांगतो. ते तुमच्या कमरेला आता नीट कळलंय. समोरून पैठणचा अकीक आणि तेरचं जाडंभरडं कापड, मलमल घेऊन तांडे भडोचकडे निघालेत.

गिरणाकाठी बहाळला मुक्काम, मग चाळीसगावच्या दक्षिणेचा डोंगर चढून पितळखोरे. दरीच्या कड्यात लेणी. दाराशी भाला-ढाल घेतलेले द्वारपाल, जोत्यावर हत्तींची रांग. बुटका, ढेरपोट्या यक्ष डोक्यावर पात्र घेऊन हसतोय. त्याच्या उजव्या हाताची मागची बाजू बघा: कान्हदास सोनारानं हा घडवला, असं तिथे कोरलंय. दागिन्यांची नजर असलेल्या माणसानं दगडाला हात घातला, म्हणून गळ्यातली माळ इतकी नेटकी उतरली असावी. (हा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो खानदेशच्या इतक्या जवळचा, हे इथल्या प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक असायला हवं.)

तुमच्यासारखे यवन, म्हणजे ग्रीक, इकडे नुसते विकायला येत नाहीत. याच सुमारास किंवा पुढे कार्ल्याला, जुन्नरला त्यांनी लेण्यांना दानं दिली. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं सतरावं लेणं तर उत्तरेकडच्या दत्तामित्रीच्या इंद्राग्निदत्त यवनानं कोरवून घेतलं, बुद्धांच्या पूजेसाठी.

इकडे पितळखोऱ्यातल्या एका खांबावर दाता म्हणून पैठणच्या मितदेव गंधिकाच्या कुळाचं नाव आहे. अत्तरं-सुगंध विकणारं घराणं. लेख जुना आहे, पण त्यांच्यापैकी कुणी अजून पैठणच्या पेठेत बसत असेल, तर शिलारस आधी त्याच्याच दुकानी उतरवा.