एका बाहुलीची अनेक कामं

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल हातात घेऊन नीट पाहावा. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, नाकात वेसण, पायांखाली फळी आणि फळीला चार चाकं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरची मोठी माणसं त्याला ओवाळतात आणि नैवेद्य दाखवतात. मग पोरं दोरी धरून त्याला घरोघरी नेतात आणि बोजारा गोळा करतात. सकाळी तो देव असतो, दुपारी मिरवणुकीतला मानकरी असतो आणि दिवेलागणीला पोराच्या मुठीत चार पैसे आणून देणारा सोबती. उरलेलं वर्षभर तो ओसरीवर लोळत असतो, कधी गाडीला जुंपलेला, तर कधी धाकट्या भावंडानं दातांनी चावलेला. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजींनी १८०६ मध्ये लहान मुलांसाठी हा पोळा सुरू केला, असं परंपरा सांगते. ही चाल विदर्भात घराघरात रुजली आहे आणि अमरावती-अकोल्याच्या बाजारात श्रावण सरत आला की असे बैल मांडलेले दिसतात.

आज खेळणी तयार करणारे लोक ‘एकात अनेक’ खेळण्यांच्या मागे आहेत. हातात घालून नाचवता येईल, शिकवायला वापरता येईल, उलटं केलं तर दुसरंच काही होईल अशी बाहुली त्यांना हवी असते, आणि ती कल्पना नवी म्हणून मांडली जाते. वऱ्हाडातल्या बाहुल्यांची वंशावळ तपासली की मला नेमकं उलटं दिसतं. एकाच कामाचं खेळणं हीच इथे अलीकडची गोष्ट आहे. त्याआधीच्या प्रत्येक बाहुलीला दोन-तीन कामं होती, आणि तिचा जीव त्या कामांतच होता.

ही वंशावळ फार मागे नेता येते. पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून उत्खनन केलं. तिथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकण असलेली पेटी सापडली. तिच्यात कच्च्या मातीची, डोकं नसलेली एक स्त्रीमूर्ती होती आणि एक बैल होता. मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीलाही भोक. दोन्हींत काडी घातली की ती बाई बैलावर बसते. संशोधकांनी तिला देवी मानलं, आणि जमिनीखाली इतकी जपून पुरलेली वस्तू देवाचीच असणार हे पटतं. तरी ती घडवणाऱ्या हाताला सुटे भाग जोडून आकृती उभी करण्याची युक्ती पूर्ण अवगत होती. काडी काढा, दोन वस्तू. काडी घाला, एक वस्तू.

महाराष्ट्रातल्याच दायमाबादला १९७४ मध्ये शेतात काशाची चार शिल्पं मिळाली. त्यांतले हत्ती, गेंडा आणि रेडा चाकांच्या बैठकीवर आहेत, आणि चौथा आहे दोन बैलांचा रथ. त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, पण ही अवजड शिल्पं पोरांच्या खेळण्यासाठी नव्हती एवढं स्पष्ट आहे. त्यांना ओढून मिरवत असावेत, असं मत मांडलं गेलं आहे. तान्ह्या पोळ्याचा बैल त्यांचा थेट वंशज आहे असं म्हणायला पुरावा नाही. मात्र जनावराच्या मूर्तीला चाकं लावावीत आणि दोरीनं ओढत मिरवावं, ही इच्छा महाराष्ट्राच्या मातीत जुनी आहे.

वऱ्हाडात ही इच्छा पूर्ण करायला सुताराची वाट पाहायची गरज नव्हती. कडब्याच्या गंजीतून ज्वारीचा एक धांडा ओढायचा, वरची साल सोलून तिच्या काड्या करायच्या, आतल्या पांढऱ्या मऊ गाभ्याचे तुकडे पाडायचे आणि काड्या टोचून बैल, गाडी, जू, गाडीवान उभे करायचे. खेळ संपला की हे सगळं खऱ्या बैलापुढे टाकता येत असे. चाऱ्याचं खेळणं आणि खेळण्याचा परत चारा. याहून काटकसरीची रचना मला माहीत नाही.

पण वऱ्हाडच्या बाहुल्यांत जिच्यापाशी थांबावं अशी बाहुली म्हणजे भुलाबाई. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, चांगला महिनाभर, ती घरात असते. शंकर म्हणजे भुलोबा, पार्वती म्हणजे भुलाबाई आणि मांडीवर गणपती, अशी मातीची रंगवलेली मूर्ती. कथा अशी सांगतात की सारीपाटात हरल्यावर शंकर रुसून निघून गेला आणि पार्वतीनं भिल्लिणीच्या वेषात जाऊन त्याला भुलवलं. संध्याकाळ झाली की गल्लीतल्या मुली एका घरून दुसऱ्या घरी जातात, मूर्तीसमोर फेर धरतात, टिपऱ्यांच्या नाहीतर टाळ्यांच्या तालावर गाणी म्हणतात. गाण्यांत सासू, नणंद, जाऊ, माहेरची वाट आणि न मिळालेली रजा असते. सगळ्यात शेवटी खाऊ. तोही सरळ हातात पडत नाही. ज्या घरी भुलाबाई बसली त्या घरची मुलगी झाकलेला डबा कानाशी हलवते आणि बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं असतं, गोड की तिखट, कोरडं की ओलं, लाडू की भिजवलेली डाळ. ओळखेपर्यंत डबा उघडत नाही.

या मूर्तीची कामं मोजू लागलं की मोजणी लांबते. ती देवी आहे, म्हणून मुलींना रात्री घराबाहेर पडायची मुभा मिळते. ती पाहुणी आहे, म्हणून प्रत्येक घराला तिच्यासाठी काहीतरी करावं लागतं. पुढे सासरी जे भोगायचं त्याची ओळख तिच्या गाण्यांतून होते, आणि त्या भोगाची तक्रार गल्लीत मोठ्यानं म्हणायची सोयही तिच्यामुळेच होते. ज्या मुलीला घरात ‘सासू फार छळते’ असं वाक्य उच्चारता येणार नव्हतं, ती भुलाबाईपुढे ते सुरात म्हणू शकत होती. रंगमंचावरच्या कठपुतळीचं एक मोठं काम हेच असतं: स्वतःला बोलता येत नाही ते तिच्या तोंडून बोलायचं. इथे दोऱ्या नव्हत्या, तरी काम तेच होतं. कोजागिरीला ज्वारीच्या कणसासकट पाच ताटांचा मांडव तिच्यावर उभारतात, म्हणजे पिकाचं काम होतं तेही तिच्याकडेच. पश्चिम महाराष्ट्रात भोंडला किंवा हादगा खेळतात तेव्हा मध्ये पाटावर हत्ती काढतात आणि खानदेशात गुलाबाई बसते, पण माझ्या मनात वऱ्हाडची भुलाबाई सगळ्यात भरलेली आहे.

चिंध्यांची बाहुली हिच्या शेजारीच राहते. जुन्या लुगड्याची विरलेली पट्टी, आत कापूस, हातांसाठी आडवी काडी, काजळाचे डोळे. कापसाच्या प्रदेशात तिच्या पोटात भरायला काही विकत आणावं लागत नसे. पोरीच्या हातात सुई प्रथम आली ती या बाहुलीसाठी, धावदोऱ्याचा पहिला धडा तिच्याच अंगावर गिरवला गेला. ती फाटली की तिची चिंधी पोतेऱ्यात जाई आणि कापूस समईच्या वातीत. बाहुला-बाहुलीचं लग्न हा तिचा मोठा सोहळा. दोन घरच्या पोरी विहिणी व्हायच्या, मानपान व्हायचा, रुसवेफुगवे व्हायचे, खोटा का होईना पण स्वयंपाक मांडला जायचा. या एका उपयोगाबद्दल मात्र मला अवघड वाटतं. शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं ते १९२९ मध्ये. त्याआधीच्या पिढ्यांत बाहुलीचं लग्न लावणाऱ्या मुलीला स्वतःच्या लग्नापर्यंत फार थोडी वर्षं उरलेली असत. खेळणं तेव्हा तालमीचं साधन होतं, आणि तालीम कशाची होती हे विसरून त्या खेळाच्या आठवणी काढता येणार नाहीत.

दोरीवर नाचणारी बाहुली या कुळात बाहेरून येते. ज्ञानेश्वरीत साइखड्याच्या बाहुल्याचा दृष्टान्त आहे, म्हणजे तेराव्या शतकात मराठी श्रोत्याला सूत्रानं चालणारी आकृती ओळखीची होती. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्या घडवल्या होत्या. त्यांचं ‘सीतास्वयंवर’ हे नाटक १८४३ मध्ये झालं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी आजवर जपल्या. त्यांतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. यशवंत केशव पाध्ये यांच्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला रामदास पाध्यांनी पुढे घराघरात नेलं. ही सगळी परंपरा थोर आहे. पण तिच्यात बाहुली मोठ्या माणसाच्या हातात आहे आणि पोरगं समोर बसून पाहतंय. वऱ्हाडच्या बाहुल्या मात्र पोरांच्या हातात होत्या, फक्त त्या बोलत नव्हत्या. आजच्या हातमोज्याच्या बाहुलीत या दोन धारा एकत्र येतात: बोलणारी बाहुली, आणि तीही मुलाच्याच हातात.

हे होण्याआधी एक वळण अमरावतीतून गेलं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत होत्या. तो संसार टिकला नाही. राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजात काम केल्यावर त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९३६ मध्ये दादरचं शिशुविहार आणि १९४५ मध्ये बोर्डीचं ग्राम बालशिक्षा केंद्र. गिजुभाई आणि ताराबाई शिक्षणतज्ज्ञ माँटेसोरींना मानत. माँटेसोरींचं साहित्य एकेका गुणासाठी घडवलेलं असतं: गुलाबी ठोकळे आकारासाठी, दट्टे जाडी-उंचीसाठी. चूक झाली तर साहित्यच दाखवून देतं. त्यात कसलाही दिखावा नाही, पण दुसरा उपयोगही नाही. शिवाय लहान मुलांना परीकथा-कल्पनाकथा सांगण्याबद्दल माँटेसोरी साशंक होत्या, तर गिजुभाईंचा सगळा भर गोष्टीवर होता. बोर्डीत आदिवासी पाड्यांवर जायचं तर परदेशी पेट्या परवडणार नव्हत्या. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पानं, खडे, चिंध्या शाळेत आणल्या. बी मोजायला, पेरायला, माळेत ओवायला, गोष्टीत धनाच्या राशी म्हणून मांडायला चालते. ज्या साहित्याचं एकच काम ठरवलेलं होतं त्याला इथल्या मातीनं पुन्हा अनेक कामं लावली, आणि मला ताराबाईंचं हे सगळ्यात मोठं देणं वाटतं. पाड्यावरच्या अंगणात भरणाऱ्या त्यांच्या वर्गाचं अंगणवाडी हे नाव पुढे देशभर गेलं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू झाली, त्यांत मेळघाटातलं धारणी होतं. अमरावती जिल्ह्यात अंगणवाडी परत आली ती अशी, कोरकू मुलांच्या गावात.

मधल्या काळात बाजार बदलला. कापसासाठी आलेली रेल्वे १८६७ मध्ये बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. तिनं वऱ्हाडातून गाठी नेल्या आणि मुंबईचा माल आणला. पुढे प्लास्टिक आलं. चावी दिली की टाळ्या वाजवणारं माकड टाळ्याच वाजवतं. चावी तुटली की ते कचरा होतं, बैलापुढे टाकता येत नाही आणि वातीलाही चालत नाही. अलीकडे सरकारनं बाजाराला आवर घालायचा प्रयत्न केला: खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के, तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं झालं. २०२३ मध्येच एनसीईआरटीनं तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ काढला आणि त्यात बाहुल्यांना मानाची जागा दिली.

तर आता अमरावती-अकोल्याच्या पोरासाठी बाहुली बनवायची असेल, तर ती कशी असावी याचं उत्तर या वंशावळीतच आहे. सुती कापडाची, तीन बोटांत बसणारी, उलटवता येणारी. एका बाजूनं बैल, उलटवली की पोरगी, म्हणजे तान्हा पोळा आणि भुलाबाई एकाच शिवणीत. तोंडाशी नाडी ओढली की तिची पिशवी व्हावी, पिशवीत चिंचोके किंवा फुटाणे घालून हलवावी आणि बाकीच्यांनी आवाजावरून आत काय आहे ते ओळखावं. मोजणी, ऐकणं, गोष्ट आणि खाऊ, सगळं तिच्यात आलं. आत भरायला कापूस इथलाच. डोळ्यांना गुंड्या लावायच्या नाहीत, धाग्यानं भरायचे; तीन वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकेल असा सुटा भाग खेळण्यात चालत नाही, हा मानकाचा नियम आहे आणि तो योग्य आहे. रंग पक्का हवा, कारण ती चावली जाणार आणि धुतली जाणार.

आणि एक बाजू कोरीच ठेवावी असं माझं मत आहे. कारागीर जितकं जास्त ठरवून देतो तितकी बाहुलीची कामं कमी होतात. चावीच्या माकडाचं सगळं ठरलेलं होतं. धारणीच्या मुलाच्या गोष्टीत बैलाऐवजी अस्वल असेल, वाघ असेल. त्याला कोळशानं किंवा काजळानं तो चेहरा काढू द्यावा, धुऊन उद्या दुसरा काढू द्यावा.

हे काम बचत गटातल्या बायका सहज करतील. त्यांच्या वाटेत एकच अडसर आहे, तो मानकाच्या खर्चाचा. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांना स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांपुरती चिन्हाच्या सक्तीतून सूट आहे. तेव्हा पहिली बाहुली शिवायला घेण्याआधी त्या बायकांची कारागीर म्हणून नोंद व्हावी, आणि त्यासाठी कुणीतरी त्यांच्याबरोबर बसून अर्ज भरावा.