थापटण्याचा आवाज

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं नाव 'तगर' असं येतं. इथलं कापड तेव्हा गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई. तो व्यापार बुडाला. तेरच्या एका कुंभाराची प्रतिमा मात्र मराठीत अजून चलनात आहे.

गोरोबाकाकांची ती कथा आपण सगळे ऐकत आलो. संतमेळा तेरला जमला होता. मुक्ताबाईंनी थापटणं पाहून विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते याने कळतं. मग आमचीही परीक्षा घ्या, म्हणाल्या. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. बाकीचे निमूट बसले. नामदेव तेवढे चिडले आणि कच्चे ठरले.

बी.ए.ला आम्हाला उपमा-रूपकं 'अलंकार' म्हणून शिकवली, म्हणजे भाषेच्या अंगावरचे दागिने. गोरोबांच्या थापटण्याला दागिना कोण म्हणेल? ते कामाचं हत्यार आहे. काकांनी 'अज्ञानी' म्हटलं असतं तर नुसतं भांडण उरलं असतं. 'कच्चा' म्हटल्याने उणीव नेमकी कुठे, तेही कळलं. माती चांगली आहे, घाटही चांगला आहे, फक्त भट्टी लागायची आहे. नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केलं. त्यांची पदं पुढे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात गेली.

माझी एक तक्रार आहे. मडकं भाजलं की त्याचा आकार कायमचा ठरतो. फुटलं तर खापर होतं, पुन्हा माती होत नाही. कच्चं मात्र भिजवून परत चाकावर चढवता येतं. म्हणून 'पक्क्या' माणसांची मला जरा धास्तीच वाटते. कथा ही बाजू झाकून ठेवते.

लोक विचारतात, तुम्ही मुसलमान, तुमच्या कवितेत गोरोबा कसे? मी सांगतो, कुराणाच्या सूरह रहमानमध्ये माणूस मडक्यासारख्या खणखणत्या मातीपासून घडवल्याचं म्हटलं आहे. उमर खय्यामच्या रुबायांतही कुंभार आहे, त्याची मडकी आहेत. हे लहानपणापासून कानावर असलेल्याला तेर परकं कसं वाटावं? आणि आमची आजी तर बाजारात माठ घेताना बोटाने टिचकी मारून, कान लावून ऐकायची. आवाज बद्द आला की म्हणायची, "हा नको बाबा, दुसरा दाखव."