काय वगळायचे?

विद्यापीठात जाण्याआधीच्या दोन वर्षांत भौतिकशास्त्र किती शिकवावे, हा आपल्याकडचा वाद धड्यांच्या संख्येवर येऊन थांबतो. अमेरिकेतील एका अभ्यासक्रमाचा इतिहास पाहताना मला वाटले, की खरा प्रश्न काय वगळायचे हा आहे.

१९५६ मध्ये एमआयटीतील भौतिकशास्त्रज्ञ जेरॉल्ड झकारियास यांनी ‘फिजिकल सायन्स स्टडी कमिटी’ उभी केली. स्पुटनिक अवकाशात गेला तो १९५७च्या ऑक्टोबरात. तेव्हा रशियाच्या धास्तीने हे काम सुरू झाले, ही समजूत चुकीची आहे. धास्तीमुळे पैसा तेवढा सैल झाला. १९६० मध्ये समितीचे पाठ्यपुस्तक आले. जुन्या पुस्तकांतली यंत्रांची आणि उपकरणांची वर्णने त्यातून बरीचशी गेली.

मोकळ्या झालेल्या जागेचा उपयोग पाहण्यासारखा आहे. प्रकाश यांत्रिकीच्या आधी येतो. तो कणांचा बनलेला आहे असे धरून चालले, की परावर्तन उलगडते. अपवर्तनासाठी मात्र पाण्यात प्रकाशाचा वेग वाढायला हवा, आणि प्रत्यक्षात तो कमी भरतो. मग मुलांनी उथळ ट्रेमधल्या पाण्यावर लाटा उठवून तरंगांची कल्पना पडताळायची. शेवटच्या भागात फोटॉनच्या रूपाने कण पुन्हा हजर! सिद्धान्त कसा टिकतो आणि कुठे मोडतो, हे मुलांना वर्षभर अनुभवायला मिळते.

हे पुस्तक अनेकांना जड गेले. म्हणून होल्टन, रदरफोर्ड आणि वॉटसन यांच्या हार्वर्ड प्रकल्पाने १९७० मध्ये दुसरी वाट दाखवली. विज्ञानाचा इतिहास सांगत, शास्त्रज्ञ न होणाऱ्या मुलांनाही सोबत घ्यायचे. वगळायचे काय, हे शिकणारा कोण यावर ठरते, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे १९६४ ते ६६च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते. पुढे दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्रात आला आणि अकरावी-बारावी कनिष्ठ महाविद्यालयांत गेली. ही दोन वर्षे कुणासाठी, हे मात्र आज प्रवेशपरीक्षाच ठरवतात. माझा आक्षेप परीक्षेला नाही. तिने विचारले नाही म्हणून लाटांचा ट्रे कपाटातच राहतो, याला आहे.