दादांची ट्रंक आणि घराजवळचं विद्यापीठ

गेल्या जूनमध्ये बीडहून बाजीचा फोन आला. भाची बारावी सायन्सला चांगल्या गुणांनी पास झाली होती. बातमी मिठाईची, पण बाजीचा आवाज पडलेला. दुलाभाईंच्या मनात पुण्यातलं एक खासगी विद्यापीठ भरलं होतं. फी लाखांत. त्यासाठी गावाबाहेरचा प्लॉट विकायची बोलणी चालू होती. भाचीला संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचं होतं. ती म्हणत होती, औरंगाबादला सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात जाईन, खालाकडे राहीन. त्यावर घरातलं कुणीतरी म्हणालं, “इतके मार्क पाडून मराठवाड्यातच शिकायचं?”

ते ऐकलं आणि मला दादांची ट्रंक आठवली.

त्या ट्रंकेत अर्थशास्त्राचं एक उर्दू पुस्तक आहे. पानं पिवळी पडलीत, समासात दादांच्या बारीक अक्षरातल्या खुणा आहेत. दादा बीडला मॅट्रिक झाले, इंटरमिजिएटसाठी औरंगाबादला गेले आणि बी.ए.साठी हैदराबादला. बी.ए. मात्र कधीच पूर्ण झालं नाही. आमच्या घरात ‘शिक्षण अर्धवट राहिलं’ हे वाक्य तीन पिढ्या फिरतंय, त्याची सुरुवात या पुस्तकापासून होते.

उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं. निजाम मीर उस्मान अली खान यांचं ते विद्यापीठ. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारा तो देशातला पहिला मोठा प्रयोग. विज्ञान, कायदा, इतिहास, सगळं उर्दूतून. त्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ हे अनुवादाचं स्वतंत्र खातं उघडलं गेलं. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. तेच पुढे औरंगाबादच्या कॉलेजचे प्राचार्य होते आणि ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’चा कारभारही त्यांनी अनेक वर्षं औरंगाबादेतूनच चालवला. आपल्या शहराच्या इतिहासातलं हे पान आज कुणी उघडत नाही.

हे सांगताना अभिमान वाटतो, पण इथे थांबलो तर तो अर्धा इतिहास होईल. संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. दादांना जी भाषा घरची होती, ती त्यांच्या शेजारच्या शेतकऱ्याच्या मुलाला भिंतीसारखी होती. दुसरी अडचण अंतराची. मराठवाड्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर काचीगुड्याची मीटरगेज गाडी धरून हैदराबाद गाठावं लागे. प्रवास, खोली, खानावळ हे सगळं ज्याला परवडेल, त्यानेच शिकायचं. राज्याचं विद्यापीठ होतं; राज्यातल्या बहुतेकांचं नव्हतं.

१९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून उस्मानियाने शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडलं. त्या विद्यार्थ्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही होते. ज्यांना नागपूरला जाऊन राहणं परवडलं ते शिकले. बाकीच्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.

मग सप्टेंबर १९४८ उजाडला. पोलीस ॲक्शन झाली. त्या वेळच्या हिंसाचाराची चौकशी करायला गेलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावं घेतली. आमचं बीड उस्मानाबादला लागूनच. दादा सुट्टीवर घरी आले होते, ते परत गेलेच नाहीत. पुढे काही काळातच उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं. पूर्वी जी भिंत दुसऱ्यांसमोर होती, ती आता आमच्यासमोर उभी राहिली. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी मुलांना पुन्हा इंग्रजीतून शिकवलं. काही कराचीला गेले. दादांनी मोंढ्यात मुनीमकी धरली आणि अर्थशास्त्राचं पुस्तक ट्रंकेत ठेवलं.

याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची नजर मराठवाड्यावर पडली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभं केल्यावर त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने दुसरं मोठं कॉलेज पुण्यात काढलं नाही, औरंगाबादेत काढलं. १९५० साली सुरू झालेलं ते कॉलेज म्हणजे आजचं मिलिंद महाविद्यालय. जिथे शिकणाऱ्याला बाहेर जाणं परवडत नाही, तिथे कॉलेजने जावं, असा त्यामागचा साधा हिशेब मला दिसतो. खेड्यातून आलेली दलित मुलं तिथे वसतिगृहात राहून पदवीधर झाली.

१९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. उस्मानिया एका रात्रीत परराज्यातलं विद्यापीठ झालं. आपलं विद्यापीठ हवं ही मागणी जुनीच होती, आता तिला राज्याचा आधार मिळाला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे त्याच्याकडे आले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९६३ साली, डॉ. रफीक झकेरिया यांच्या पुढाकाराने रौजा बागेत मौलाना आझाद कॉलेज सुरू झालं. फाळणी आणि पोलीस ॲक्शननंतर खचलेल्या मराठवाड्यातल्या मुसलमानांची पहिली पदवीधर पिढी या सगळ्यातून घडली. माझे अब्बा त्यातलेच. दादांना जे हैदराबादेत पुरं करता आलं नाही, ते त्यांनी औरंगाबादेत केलं.

या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं यासाठी १९७८ मध्ये विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी लोकांनी इतकं सोसलं, त्याला ‘मराठवाड्यातच’ म्हणून नाक मुरडताना आपण काय विसरतो, हे एकदा पाहायला हवं.

मग नाक मुरडायला आपण शिकलो कधी? १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. महाराष्ट्रातली मुलं शिकायला कर्नाटकात जात होती, ती इथेच शिकू लागली, हा त्याचा फायदा. पण त्याबरोबर महाग ते चांगलं आणि सरकारी ते सामान्य, ही समजूतही घट्ट झाली. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा पदविका घेतलेले चार टक्क्यांहूनही कमी होते, एकूण लोकसंख्येत सुमारे सात टक्के. हा फरक महागड्या विद्यापीठांनी भरून निघणार नाही. एका मुलाच्या फीसाठी प्लॉट विकला जातो, तेव्हा त्याच्या पाठच्या बहिणीचं शिक्षण बहुधा बारावीलाच संपतं. माझ्या नात्यात हे मी दोनदा पाहिलंय.

मी बाजीच्या घरी गेलो आणि हेच सांगितलं. दुलाभाई शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “पण सरकारी कॉलेजात तास होतात का?” प्रश्न रास्त होता. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, प्रयोगशाळा जुन्या आहेत, निकाल उशिरा लागतात. इतिहासाचा अभिमान या गोष्टींवर पांघरूण घालू शकत नाही. म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो. एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्या असतात, त्यामुळे प्रवेश कुठल्या तुकडीत हे आधी विचारायचं. विभागात कायम प्राध्यापक किती, हे तिथल्या मुलांकडून काढायचं. दुलाभाई बागवान, म्हणजे ओबीसी. तेव्हा जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेअरचे कागद आत्ताच काढायचे. उद्या तिने व्यावसायिक अभ्यासक्रम निवडला, तर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. प्लॉट राहू द्यायचा, एम.एस्सी.ला बाहेर जायची वेळ आली तर तो तेव्हा कामी येईल.

दुलाभाईंनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

निघताना भाचीने विचारलं, “मामू, दादांच्या वेळी मुली जायच्या का हैदराबादला?”

मी म्हटलं, हैदराबादच्या मुली शिकायच्या. त्यांच्यासाठी वेगळं कॉलेजही होतं. पण बीडहून कुणी मुलगी गेल्याचं आपल्या घरात तरी ऐकलं नाही. दादांच्या बहिणीला कुराण आणि उर्दू वाचता येत होतं, हिशेब तोंडी करायची. हैदराबाद तिच्यासाठी नव्हतंच.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “औरंगाबाद असतं तर गेली असती.”

जुलैत तिचा प्रवेश झाला, अनुदानित तुकडीत. पहिल्या आठवड्यात तिचा मेसेज आला की संख्याशास्त्राचे सर चांगले आहेत, पण वाचनालय पाचलाच बंद होतं, म्हणून मुलींनी मिळून अर्ज दिलाय. मला तो मेसेज फार आवडला. विद्यापीठ आपलं आहे असं ज्याला वाटतं, तोच असा अर्ज देतो.