वळिवडे ते जेनीन : निर्वासित मुलांचा रंगमंच

मराठी बालरंगभूमीच्या आधुनिक पर्वाची गणना आपण सहसा १९५९ साली सुधा करमरकर यांनी उभारलेल्या ‘लिटल थिएटर’पासून करतो. त्याआधी दीड दशक, कोल्हापूरनजीक वळिवडे येथे मुले रंगमंचावर उभी राहत होती. ती पोलिश बोलत, म्हणून आपल्या इतिहासाबाहेर राहिली.

१९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली ही कुटुंबे सायबेरिया, मध्य आशिया, इराण अशी भटकत १९४३ पासून येथे आली. सुमारे ५,००० जणांच्या छावणीत स्त्रिया व मुलेच बहुसंख्य. शाळा, चर्च, स्काउट पथके यांच्या जोडीने लोकनृत्ये आणि नाट्यप्रयोग होत. मायभूमी धूसर आठवणाऱ्या मुलांच्या जिभेवर संवादांच्या पाठांतराने मातृभाषा टिकत होती. १९४८ साली छावणी मोडली. अनेकांना पोलंडला परतता आले नाही. भाषा तेवढी सोबत गेली.

पहिल्या इंतिफादाच्या काळात जेनीनच्या पॅलेस्टिनी छावणीत आर्ना मेर-खमीस यांनी मुलांसोबत काम आरंभले. त्यातून ‘स्टोन थिएटर’ उभे राहिले. तेथे संतापाला रूप मिळाले. २००२ च्या इस्रायली लष्करी कारवाईत ते उद्ध्वस्त झाले. त्यातले काही बालनट मोठेपणी लढताना मारले गेले. २००६ साली आर्नांचे पुत्र जुलियानो यांनी ‘फ्रीडम थिएटर’ स्थापले. २०११ मध्ये त्यांची हत्या झाली.

रंगमंच मुलांचे प्राण वाचवत नाही. परंतु जगाने ‘निर्वासित’ ही एकच भूमिका दिलेल्या मुलाला तेथे दुसरी निवडता येते. या निवडीची नोंद नाट्येतिहासाने घ्यावी, असे आम्हांस वाटते.