मुडदूस, कुत्र्याची पिल्ले आणि दुधातला सूर्य

दूध प्यावे, हाडे बळकट होतात, हे वाक्य आपल्याकडे इतके रुळलेले आहे की त्यालाही काही इतिहास असेल अशी शंका सहसा कुणाला येत नाही. वस्तुतः गाईच्या दुधात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असले, तरी ती खनिजे आतड्यांतून शोषून हाडापर्यंत पोचवण्यास मदत करणारे ड जीवनसत्त्व त्यात नगण्य असते. म्हणजे हे वाक्य ज्या अर्थाने आज खरे मानले जाते, त्या अर्थाने ते विसाव्या शतकात खरे केले गेले. दुधात बाहेरून काहीतरी घालून. ते काय घातले, कुणी घातले आणि ते घालण्याचा हक्क कुणाकडे होता, हा या लेखाचा विषय आहे. साहित्याच्या अभ्यासकांपुढे तो मांडण्याचे कारण एवढेच, की या कथेत एकाच पुराव्याची दोन वाचने वर्षानुवर्षे परस्परांशी भांडत राहिली, आणि असे भांडण आपल्या परिचयाचे आहे.

प्रारंभ सिंहाच्या छाव्यांपासून करणे उचित ठरेल. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आईपासून तोडलेले छावे घोड्याच्या चरबीहीन मांसावर वाढवले जात. त्यांचे पाय वाकत, आणि एकामागून एक वीत दगावत असे. ही अवस्था म्हणजे मुडदूस हे जॉन ब्लँड-सटन या शल्यविशारदाने ओळखले. १८८९ च्या सुमारास त्याने त्यांच्या आहारात कुटलेली हाडे, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल यांची भर घालायला लावली. अंधाऱ्या, कोंदट पिंजऱ्यांत काहीही बदल झाला नाही. छावे मात्र काही महिन्यांत सुधारले. एवढा स्पष्ट पुरावा समोर असूनही तीस वर्षे त्याचे कुणी फारसे काही केले नाही. सिंहांवरून माणसांच्या मुलांविषयी अनुमान काढणे त्या काळच्या वैद्यकाला रुचले नसावे, असे आम्हांस वाटते.

येथे मुडदूस म्हणजे काय ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक पातळ पट्टा असतो. त्यात नव्या पेशी तयार होतात, जुन्यांभोवती क्षार साचतात, आणि कूर्चेच्या जागी हाड येते. क्षारांचा पुरवठा कमी पडला तर पेशी तयार होतच राहतात, पण त्या कठीण होत नाहीत. पट्टा जाड आणि मऊ होत जातो; मनगटे सुजल्यासारखी दिसतात, फासळ्यांच्या टोकांना माळेतल्या मण्यांसारख्या गाठी येतात, आणि भार पडला की पाय वाकतात. अर्थात हा रोग वाढीचा आहे. ज्याची वाढच खुंटली, त्याला मुडदूस होत नाही. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला.

ग्लासगोत लेनर्ड फिंडले याने १९०८ मध्ये कुत्र्याची पिल्ले कोंडून ठेवली. त्यांना मुडदूस झाला. त्याने निष्कर्ष काढला की बंदिवास आणि हालचालीचा अभाव हेच कारण. धुराने काळवंडलेल्या, दाटीवाटीच्या त्या शहरात हा निष्कर्ष लगेच पटण्यासारखा होता. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी याने १९१४ नंतर पुन्हा पिल्लेच घेतली. पण त्याने बदलले ते अन्न. साय काढलेले दूध आणि पाव किंवा ओटची लापशी यांवर वाढणारी पिल्ले वाकडी होत. लोणी किंवा कॉडचे तेल मिळालेली सरळ राहत. १९१८-१९ मध्ये त्याने हे जाहीर केले. अधिक खाऊन झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लांचा मुडदूस अधिक तीव्र असतो, आणि धान्यांमध्ये ओट सर्वांत घातक, अशीही निरीक्षणे त्याने नोंदवली. ज्या स्कॉटलंडने ओटची लापशी हे आपल्या सत्त्वाचे प्रतीक मानले, तेथे ही गोष्ट कशी घेतली गेली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

ग्लासगो म्हणे कोंडवाडा, लंडन म्हणे ताट. आणि मौज अशी की मेलनबीची पिल्लेही घरातच, उन्हाविना ठेवलेली होती. त्याच्या प्रयोगात अन्नाचा परिणाम इतका उघड दिसला याचे एक कारण हेच. उन्हात बागडणाऱ्या पिल्लांवर कदाचित तो दिसलाच नसता. म्हणजे दोन्ही पक्षांच्या हाती सत्याचा अर्धा भाग होता, आणि प्रत्येकाचा प्रयोग दुसऱ्याचा अर्धा भाग झाकत होता. उन्हाचा दुवा १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की याने पुढे आणला: पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील किरणांनी त्याने आजारी मुलांची हाडे सुधारून दाखवली. महायुद्धाने उपाशी ठेवलेल्या व्हिएन्नात हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी दोन्ही उपाय मुलांवर पडताळून पाहिले. तेल आणि ऊन, दोन्ही सारखेच गुणकारी ठरले.

याच सुमारास आपल्या नाशिकमध्ये हचिसन या डॉक्टराने जे पाहिले, ते मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे. आमच्या आरोग्यविषयक लेखनात त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. पडद्यात वाढणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांमध्ये आणि मुलींमध्ये त्याला मुडदूस आढळला; निकृष्ट अन्न खाणाऱ्या, पण दिवसभर उघड्यावर असणाऱ्या गरिबांच्या मुलांमध्ये तो जवळजवळ नव्हता. १९२१-२२ मध्ये ही निरीक्षणे प्रसिद्ध झाली. दारिद्र्य म्हणजे मुडदूस या युरोपीय समीकरणाला गोदाकाठी छेद गेला. तो सिद्धान्तकारांनी उद्धृत केला, आणि नंतर प्रयोगशाळांच्या मोठ्या कथेत तो बुडाला.

१९२२ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅकॉलम याच्या गटाने कॉडचे तेल तापवून त्यातून हवा सोडली. अ जीवनसत्त्व नष्ट झाले, तरी ते तेल उंदरांचा मुडदूस बरा करीतच राहिले. मेलनबीने अ जीवनसत्त्वाच्या खाती टाकलेले गुण वेगळ्याच द्रव्याचे होते, आणि त्याला ड हे नाव मिळाले. पण ऊन आणि तेल एकच काम कसे करतात, हे कोडे तसेच होते. त्याचा उलगडा एका विचित्र निरीक्षणातून झाला. मार्गारेट ह्यूम आणि हॅना स्मिथ यांनी १९२३ मध्ये असे मांडले की उंदीर नव्हे, त्यांची रिकामी बरणी जरी अतिनील प्रकाशात ठेवली तरी उंदीर वाढतात. त्यांना वाटले, हवेतच काही गुण उतरत असावा. पुढे ध्यानात आले की बरणीत लाकडाचा भुसा होता, आणि उंदीर तो खात होते. किरण भुशावर पडत होते.

विस्कॉन्सिनमध्ये हॅरी स्टीनबॉक याने हे सूत्र शेवटपर्यंत नेले. तो शेतकऱ्याच्या घरचा. त्याच्या विद्यापीठाला गोठ्यातून विज्ञान काढण्याची सवय होती. तेथेच १९०७ ते १९११ दरम्यान सोळा कालवडींना केवळ मका, केवळ गहू, केवळ ओट किंवा तिन्हींचे मिश्रण देऊन पाहिले गेले. रसायनशास्त्राच्या हिशेबाने चारही आहार समान होते. मक्यावरच्या गाईंची वासरे धडधाकट जन्मली, गव्हावरच्यांची मात्र जगली नाहीत. स्टीनबॉकने पुढे शेळ्यांमध्ये पाहिले की उन्हाळ्यात, उन्हात असताना, कॅल्शियम शरीरात अधिक टिकते. १९२४ मध्ये त्याने दाखवले की उंदराच्या अन्नावरच अतिनील किरण टाकले, तर ते अन्न मुडदूस बरा करते. न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड हेस स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर आला होता. अन्नातील ज्या द्रव्यावर हा परिणाम होतो ते अर्गोस्टेरॉल, हे १९२७ पर्यंत स्पष्ट झाले.

फरक एवढाच की स्टीनबॉकने पेटंटसाठी अर्ज केला. विद्यापीठाला त्यात रस नव्हता, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी १९२५ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन केले आणि पेटंट त्याच्या हाती सोपवले. प्रतिष्ठानाने परवाने विकले, पैसा संशोधनात घातला. (वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या नावात याच प्रतिष्ठानाची आद्याक्षरे दडलेली आहेत, तेही सडके गवत खाऊन रक्तस्रावाने मरणाऱ्या गुरांच्या अभ्यासातून निघाले.) १९३० च्या दशकात दूध पातळ थरात किरणांखालून जाऊ लागले, कुठे गाईंना किरणित यीस्ट चारले गेले, आणि अमेरिकेतल्या मुलांचा मुडदूस ओसरू लागला.

येथपर्यंत कथा गौरवाची आहे, आणि बहुतेक पुस्तकांत ती येथेच थांबते. पण प्रतिष्ठानाने मार्गारीनला परवाना दिला नाही. मार्गारीन म्हणजे वनस्पतिजन्य किंवा प्राणिज चरबीचे स्वस्त लोणी, गरिबांच्या पावावरचे. आणि विस्कॉन्सिन हे गवळ्यांचे राज्य. ज्या घरांतल्या मुलांना ड जीवनसत्त्वाची गरज अधिक, त्यांच्या ताटातल्या पदार्थाला ते द्यायचे नाही, असा त्याचा प्रत्यक्षातला अर्थ झाला. पेटंटचा वाद कॅलिफोर्नियात अपील न्यायालयापुढे गेला, तेव्हा १९४४ मध्ये न्यायाधीशांनी नेमक्या याच नकारावर बोट ठेवले. ऊन पडल्याने होणारी क्रिया हा निसर्गाचा शोध, त्यावर मालकी कशी, हाही प्रश्न होताच. अखेर पेटंट टिकले नाही, आणि १९४६ पासून त्या पद्धती सर्वांना खुल्या झाल्या. स्टीनबॉकने स्वतः अफाट संपत्ती नाकारली, हे खरे. त्याचा हेतू निर्मळ होता, हेही आम्ही मानतो. पण निर्मळ हेतूने केलेल्या कुंपणालाही कुंपणच म्हटले पाहिजे.

अतिरेकाचाही एक अध्याय आहे. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये भुकटीच्या दुधात, बाळांच्या धान्याहारात आणि सरकारी कॉड तेलात अशी तिहेरी मात्रा मिळू लागली. काही अर्भकांच्या रक्तात कॅल्शियम घातक पातळीला गेले, आणि १९५७ मध्ये प्रमाण घटवावे लागले. आणि त्याच देशात, त्याच ग्लासगोत, १९६० च्या दशकात मुडदूस पुन्हा दिसला: या वेळी भारत-पाकिस्तानातून गेलेल्या कुटुंबांच्या मुलांमध्ये. उन्हाची कमतरता आणि धान्यप्रधान, बहुधा शाकाहारी अन्न. फिंडले आणि मेलनबी दोघेही एकाच घरात खरे ठरले.

भारतात २०१८ च्या नियमांनी दुधात अ आणि ड जीवनसत्त्वे घालण्याचे प्रमाण ठरवले. सक्ती केली नाही. अशा दुधाच्या पिशवीवर निळ्या रंगात अधिक चिन्ह आणि एक इंग्रजी अक्षर छापलेले असते. शाकाहारी ग्राहकांसाठी सोयीचे ठरणारे ड-२ आजही यीस्टमधल्या अर्गोस्टेरॉलवर अतिनील किरण टाकूनच तयार करतात.